दुकानांतली खूण गिऱ्हाइकाच्या हातीं

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर घरांची, दागिन्यांची किंवा मोटारींची मोठी जाहिरात असते, आणि तिच्या एका कोपऱ्यांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. कधीं कधीं असे दोन चौकोन शेजारीं शेजारीं असतात. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला कीं पडद्यावर एखादें पान उघडतें, आणि जाहिरातीचें पुढील व्याख्यान तेथें सुरू होतें. हा प्रकार आतां इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्याचें आश्चर्य कोणासच वाटत नाहीं. तथापि थोडा विचार केला तर ही गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. अक्षरें मनुष्यानें मनुष्यासाठीं काढलीं; वाण्याच्या पाटीवरचा भाव गिऱ्हाइकानें वाचावा म्हणूनच लिहिलेला असतो. हा चौकोन मात्र साक्षरास आणि निरक्षरास सारखाच अगम्य आहे. चार भाषा जाणणारा पंडित आणि अंगठा उठवणारा हमाल या खुणेपुढें एकाच पंक्तीला बसतात. ती वाचतें यंत्र, आणि यंत्रानें जें वाचलें म्हणून सांगितलें त्यावर आपण विश्वास ठेवतों. हें वाचणारें यंत्र कोणाच्या हातीं असावें, आणि त्यानें आपल्याला कोठें नेऊन सोडावें, या प्रश्नाभोंवतीं या खुणेचा सारा इतिहास फिरलेला आहे असें मला वाटतें.

कथेचा आरंभ अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं १९४८ सालीं होतो. तेथील ड्रेक्सेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत किराणा दुकानांच्या एका साखळीचा मुख्य चालक आला, आणि गल्ल्याशीं आलेल्या मालाची नोंद आपोआप होईल अशी कांहीं युक्ति संस्थेनें शोधून काढावी, अशी त्यानें तेथील एका डीनला गळ घातली. डीननें नकार दिला. पण बर्नार्ड सिल्व्हर नांवाच्या एका तरुणाच्या कानीं हें संभाषण पडलें, आणि त्यानें तें आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलंड याला सांगितलें. आधीं या दोघांनीं अतिनील प्रकाशांत चमकणारी शाई वापरून पाहिली. ती महाग पडे आणि लवकर फिकी होई. वुडलंडला मात्र या प्रश्नानें असें पछाडलें कीं तो संस्था सोडून फ्लोरिडांत मायामी बीच येथें आपल्या आजोबांच्या घरीं जाऊन राहिला.

तेथें १९४८-४९ च्या हिंवाळ्यांत, समुद्रकांठीं वाळूंत बसला असतां, लहानपणीं बालवीर पथकांत शिकलेली मोर्सची लिपि त्याच्या मनांत घोळत होती. त्यानें सहज बोटें वाळूंत रोवलीं आणि आपल्याकडे ओढलीं. वाळूंत रेघा उमटल्या. मोर्सचीं टिंबें आणि आडव्या रेघा खालच्या बाजूस ओढून लांब केल्या, तर कांहीं पट्ट्या बारीक होतील व कांहीं जाड. आणि या जाडीच्या फरकांतच माहिती सांठवतां येईल, हें त्याला त्या वेळीं सुचलें. पुढें, कोणत्याहि बाजूनें वाचतां यावें म्हणून त्यानें त्या पट्ट्यांना वाटोळें वळण दिलें. ऑक्टोबर १९४९ मध्यें दोघांनीं पेटंटासाठीं अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ रोजीं तें मिळालें. पण वाचण्याचें जें यंत्र त्यांनीं बांधलें तें एका मेजाएवढें अवजड असून त्यांत ५०० वॉटचा दिवा होता, आणि त्याच्या धगीनें कागदच करपूं लागे! लेझरचा किरण यावयाला १९६० साल उजाडावें लागलें. स्वस्त आणि लहान गणनयंत्रें तर त्याहूनहि उशिरां आलीं. या पेटंटाचे दोघांना मिळून १५,००० डॉलर मिळाले. सिल्व्हर १९६३ सालीं, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं वारला, आणि १९६९ मध्यें पेटंटाची मुदतहि संपली. तोंवर त्यांची खूण कोणत्याहि दुकानांत लागली नव्हती.

मधल्या काळांत रेल्वेच्या डब्यांवर रंगीत पट्ट्या लावून ते ओळखण्याचा एक मोठा खटाटोप अमेरिकेंत १९६७ पासून झाला. धूळ आणि काजळी यांनीं त्याचा निकाल लावला. दुकानांचें काम खऱ्या अर्थानें मार्गास लागलें तें किराणा धंद्यांतील मंडळींनीं एकत्र येऊन समिति नेमली तेव्हां. १९७२ सालीं सिनसिनाटी येथील एका दुकानांत वाटोळ्या खुणांचा प्रयोग झाला. त्यांत असें आढळलें कीं छापतांना शाई जरा जरी पसरली तरी वर्तुळें एकमेकांत मिसळतात आणि खूण निकामी होते. आयबीएम कंपनींतील जॉर्ज लॉरर यानें वर्तुळांचा नाद सोडून उभ्या सरळ पट्ट्या घेतल्या. शाई पट्टीच्या लांबीच्या दिशेनें पसरली तर पट्टी थोडी उंच होते, एवढेंच. तिची जाडी बदलत नाहीं. मायामीच्या वाळूंतील मूळच्या रेघाच अखेरीस परत आल्या असें म्हणावयास हरकत नाहीं. विशेष हें कीं वुडलंडहि १९५१ पासून त्याच कंपनींत नोकरीस होता. ३ एप्रिल १९७३ रोजीं समितीनें लॉररची खूण पसंत केली, आणि २६ जून १९७४ रोजीं सकाळीं ओहायो राज्यांतील ट्रॉय गांवीं मार्श नांवाच्या दुकानांत च्युइंग गमचें एक पुडकें या पद्धतीनें प्रथम विकलें गेलें. त्याची किंमत ६७ सेंट होती.

आतां येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. त्या बारकोडांत किंमत नव्हती. त्यांत होता केवळ बारा आंकड्यांचा क्रमांक. किंमत दुकानाच्या गणनयंत्रांत नोंदलेली असे आणि तेथून ती पावतीवर येई. त्यामुळें प्रत्येक डब्यावर भावाची चिठ्ठी चिकटवण्याचें काम दुकानदाराला अनावश्यक वाटूं लागलें. चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या नोकरांचा पगार वांचणार होता. या नव्या यंत्रांवरचा खर्च भरून निघावयाचा तो बऱ्याच अंशीं याच बचतींतून. पण गिऱ्हाइकांच्या संघटनांनीं यावर गिल्ला केला, आणि माझ्या मतें तो अगदीं रास्त होता. डबा घरीं नेऊन फळीवर ठेवला म्हणजे मागल्या महिन्यांत तो केवढ्याला आणला होता हें गृहिणीला चिठ्ठीवरून कळे; आतां तें कळेनासें झालें. फडताळावरचा भाव आणि गल्ल्यावरचा भाव यांत फरक पडला तर तो धरून दाखवण्याचा पुरावाहि तिच्या हातीं उरेना. दुकानाला आपला माल कळूं लागला, पण त्याच मालाचा भाव गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड गेला. मिशिगनसारख्या कांहीं राज्यांनीं नगोनग किंमत दर्शविण्याची सक्ति करणारे कायदे केले. मिशिगनचा कायदा २०११ पर्यंत टिकला. आपल्याकडे पुड्यावर कमाल किंमत छापण्याची कायद्यानेंच सक्ति असल्यामुळें हें भांडण आपल्या घरांपर्यंत पोंचलें नाहीं. आपल्याकडे बारकोडाविषयीं जो गैरसमज आहे तो निराळा. क्रमांकाचा आरंभ ८९० नें होत असला कीं वस्तु हिंदुस्थानांत तयार झालेली, असें पुष्कळ सुशिक्षित लोकहि छातीठोकपणें सांगतात आणि एकमेकांस पाठवतात. वास्तविक त्या तीन आंकड्यांवरून इतकेंच ठरतें कीं तो क्रमांक भारतांतील नोंदणी संस्थेमार्फत दिलेला आहे. वस्तु कोठें बनली याचा त्याच्याशीं संबंध नाहीं.

येथपर्यंत वाचणारें यंत्र दुकानदाराच्या मेजावर होतें. तें गिऱ्हाइकाच्या घरीं न्यावें आणि त्याच्याकडून जाहिराती वाचवून घ्याव्या, ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलांत आली ती २००० सालीं, टेक्सासमधील डॅलस येथें. जाहिरातदारांची एक जुनी व्यथा या कल्पनेच्या मुळाशीं होती. जाहिरात छापली तर ती कोणी वाचली कीं नाहीं, हें कळावें कसें? या प्रश्नावर अमेरिकेंतील टपालानें माल विकणाऱ्यांनीं फार पूर्वीं एक तोड काढली होती: जाहिरातीच्या खालीं एक कूपन छापावयाचें आणि निरनिराळ्या मासिकांतील कूपनांवर निरनिराळी खूण करावयाची, म्हणजे परत आलेल्या कूपनांवरून कोणत्या मासिकानें किती गिऱ्हाइकें आणलीं हें मोजतां येई. क्लॉड हॉपकिन्स या प्रख्यात जाहिरातलेखकानें १९२३ सालीं 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' हें पुस्तक लिहिलें, त्याची सारी भिस्त अशा मोजणीवरच आहे. मात्र कूपन कापणारा मनुष्य तें कात्रीनें, जाणूनबुजून कापी, आपल्या हातानें पत्ता लिही आणि तिकीट लावून पेटींत टाकी. आपण काय देत आहों हें त्याला ठाऊक असे.

डॅलसच्या डिजिटल कन्व्हर्जन्स कंपनीनें मांजराच्या आकाराचें एक लहानसें यंत्र काढलें आणि त्याचें नांव ठेविलें क्यूकॅट. तें संगणकाला तारेनें जोडावयाचें आणि मासिकांतील जाहिरातीशेजारीं छापलेल्या तिरप्या पट्ट्यांवरून फिरवावयाचें, कीं संगणकावर त्या मालाचें पान उघडे. रेडिओ शॅकच्या दुकानांतून तें फुकट वांटण्यांत आलें. 'वायर्ड' आणि 'फोर्ब्स' या नियतकालिकांच्या वर्गणीदारांना तें टपालानें घरपोंच मिळालें. पण मासिक वाचावयाचें आरामखुर्चींत आणि मांजर बांधलेलें संगणकाला! छापलेला पत्ता टंकून पान उघडणें त्याहून सोपें होतें. त्यांतच असें उघड झालें कीं प्रत्येक मांजराला निराळा अनुक्रमांक असून कोणत्या घरांतून कोणती खूण वाचली गेली हें कंपनीला जोडून पाहतां येण्यासारखें होतें. आणि त्याच वर्षीं कंपनीजवळची सुमारें १,४०,००० नोंदणीदारांची माहिती बाहेर उघडी पडली. कांहीं हुषार तरुणांनीं हें यंत्र उघडून त्याच्यासाठीं स्वतःच्या आज्ञावली लिहिल्या, तेव्हां कंपनीनें त्यांना वकिली धमक्यांचीं पत्रें धाडलीं. फुकट दिलेल्या वस्तूवर आपली मालकी अजून आहे असा तिचा दावा होता. दोन वर्षांच्या आंत सारा खेळ आटोपला. या मांजराची आज थट्टा होते. पण पुढें जें झालें त्याचें सर्व गुणावगुणांसह बीज यांतच होतें, असें माझें मत आहे.

जपानांत याच सुमारास निराळेंच काम होऊन गेलें होतें, आणि गंमत अशी कीं त्याचा जाहिरातीशीं मुळीं संबंधच नव्हता. आइची प्रांतांत टोयोटा मोटारींचे सुटे भाग बनवणारी डेन्सो नांवाची कंपनी आहे. तिच्या कारखान्यांत भागांच्या खोक्यांवर बारकोड लावीत असत. एका बारकोडांत वीसेक अक्षरेंच मावत. म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत, आणि कामगाराला दिवसाकाठीं हजाराच्या घरांत पट्ट्या वाचाव्या लागत. याचा त्यांना वीट आला होता. मासाहिरो हारा या अभियंत्यानें १९९२ सालीं हें काम अंगावर घेतलें. दुपारच्या सुटींत तो 'गो' नांवाचा खेळ खेळत असे. त्यांत चौकटींच्या पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या मांडतात. माहिती एका रेषेंत न मांडतां पटासारखी उभी-आडवी दोन्ही अंगांनीं मांडली तर ती कितीतरी अधिक मावेल, हें त्या पटावरून त्याला सुचलें.

पण यंत्राला हा पट पानावरील इतर मजकुरांतून ओळखूं कसा यावा? हारा आणि त्याचा सहकारी यांनीं हस्तपत्रकें, मासिकें, पुठ्ठ्याचीं खोकीं असा हरतऱ्हेचा छापील मजकूर गोळा केला, आणि त्यांत काळ्या व पांढऱ्या भागांचें जें प्रमाण सर्वांत क्वचित् आढळतें तें मोजून काढलें. तें निघालें १:१:३:१:१. क्यूआर कोडाच्या तीन कोपऱ्यांत जीं चौकोनांतल्या चौकोनांचीं डोळ्यांसारखीं चित्रें दिसतात, तीं याच प्रमाणाचीं आहेत. कोणत्याहि बाजूनें रेघ मधोमध नेली तरी हेंच प्रमाण सांपडतें, आणि यंत्र क्षणांत खूण हुडकतें. एखाद्या मनुष्यानें छापील जगांत कोणीच न वापरलेली जागा शोधण्यासाठीं रद्दी मोजीत बसावें, हा प्रसंग मला मायामीच्या वाळूपेक्षांहि अधिक हृद्य वाटतो. १९९४ सालीं ही खूण प्रसिद्ध झाली. तिच्यांत सुमारें ७,००० आंकडे मावतात. शिवाय माहिती अशा दुहेरी हिशेबानें भरलेली असते कीं, तशी योजना केल्यास, तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून ती भरून काढतां येते. कारखान्यांतील तेलाच्या डागांसाठीं केलेली ही सोय पुढें पावसाच्या आणि चहाच्या डागांनाहि उपयोगी पडली. कंपनीनें पेटंट घेतलें, पण ठरीव नमुन्याप्रमाणें खूण वापरणाऱ्यांवर हक्क बजावणार नाहीं असें जाहीर केलें. डॅलसच्या कंपनीचें वर्तन शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे या एका निर्णयाचें मोल कळतें.

२००२ सालीं जपानांत शार्प कंपनीचा क्यूआर कोड वाचणारा मोबाईल बाजारांत आला. त्या काळच्या मोबाईलवर आंकड्यांच्या कळा दाबून एखादा लांबलचक पत्ता लिहिणें म्हणजे शिक्षाच होती. चौकोनावर कॅमेरा धरून ती टळली. आरामखुर्ची आणि मांजर यांच्यामधील तारहि आपोआप तुटली, कारण वाचणारें यंत्र मनुष्याच्या खिशांतच होतें. पत्रकें, मासिकें, खाद्यपदार्थांचीं वेष्टनें यांवर चौकोन उमटूं लागले. २०११ सालीं दक्षिण कोरियांतील होमप्लस या दुकानांनीं सोल येथील एका भुयारी रेल्वे स्थानकांत दुकानाच्या फडताळांचीं हुबेहूब चित्रें लावलीं. गाडीची वाट पाहणाऱ्यानें चित्रांतील कोबीखालचा चौकोन वाचावा आणि कोबी संध्याकाळीं घरीं यावी, अशी ती योजना होती. अमेरिका मात्र बराच काळ उदासीन राहिली, कारण खूण वाचण्यासाठीं वेगळी आज्ञावली आधीं मोबाईलवर घ्यावी लागे. २०१७ मध्यें आयफोनचा कॅमेराच ती वाचूं लागला, आणि २०२० च्या महामारींत उपाहारगृहांनीं हाताळण्याचीं भोजनपत्रकें काढून टाकून मेजावर चौकोन चिकटवले, तेव्हां तेथील लोकांचा हात वळला. फेब्रुवारी २०२२ मध्यें फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळीं कॉइनबेस या कंपनीनें साठ सेकंदांच्या अतिशय महागड्या जाहिरातींत एका हलणाऱ्या चौकोनाखेरीज जवळजवळ कांहींच दाखवलें नाहीं. लोकांची अशी झुंबड उडाली कीं कंपनीची व्यवस्था कांहीं काळ कोलमडली. मालाचें नांव न सांगतां, गुण न सांगतां, निव्वळ कुतूहलावर लोकांना ओढून नेणारी ही जाहिरात पाहून हॉपकिन्सला काय वाटलें असतें कोण जाणे.

आपल्या देशांत हा चौकोन घरोघर पोंचला तो जाहिरातीमुळें नव्हे, पैशाच्या देवघेवीमुळें. २०१६ मध्यें यूपीआय सुरू झालें, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत नोटाबंदी आली, आणि २०१७ मध्यें भारत क्यूआर. दुकानदाराला यंत्र घ्यावयास नको. छापलेला एक कागद पुरे. भाजीवालीच्या टोपलीपाशीं, रिक्षाच्या आरशाखालीं, देवळाच्या दानपेटीवर तो कागद लागला. खूण वाचण्याची संवय एकदां हाताला लागली म्हणजे ती पैशापुरती राहात नाहीं; जाहिरातदारांना आयता सराव झालेला कोट्यवधि हातांचा समुदाय मिळाला.

आणि येथेंच ती जुनी मोजणी परत आली. जाहिरातींतील चौकोनांत बहुधा एक पत्ता असतो, आणि तो पुष्कळदां विक्रेत्याचा नसून मध्यस्थाचा असतो. मोबाईल आधीं मध्यस्थाकडे जातो; खूण कोणत्या वेळीं, कोणत्या जातीच्या मोबाईलवरून, साधारण कोणत्या गांवांतून वाचली गेली याची तेथें नोंद होते, आणि मग तो पुढें धाडला जातो. स्थानकावरच्या फलकावर एक चौकोन, वर्तमानपत्रांत दुसरा, पत्रकावर तिसरा, असें केलें म्हणजे कोठून किती लोक आले हें विक्रेत्याला बसल्या जागीं दिसतें. छापलेला कागद तोच ठेवून त्यामागचें पान उद्यां बदलतांहि येतें. हें सारें कूपनाचेंच काम आहे. फरक इतकाच कीं येथें कात्री आपल्या हातांत नाहीं. आपण जाहिरात वाचतों असें आपल्याला वाटत असतें, आणि त्याच क्षणीं जाहिरात आपल्याला वाचीत असते.

डोळ्यांना न वाचतां येणारी खूण बदलली तरी डोळ्यांना तें दिसत नाहीं, हा दुसरा धोका. टेक्सासमधील ऑस्टिन शहरीं २०२२ च्या आरंभीं मोटारी उभ्या करण्याच्या जागीं पैसे भरण्याच्या यंत्रांवर कोणीं भामट्यांनीं आपले चौकोन चिकटवलेले आढळले. तेथें पैसे भरणारा ते भामट्यांच्याच हवालीं करी. आपल्याकडे भामटे 'तुम्हांला पैसे पाठवतों, हा चौकोन वाचा' असें सांगतात. वास्तविक पैसे मिळण्यासाठीं कांहींच वाचावें लागत नाहीं आणि गुप्त आंकडाहि द्यावा लागत नाहीं. चौकोन वाचून आंकडा दिला कीं पैसे जातात, येत नाहींत.

असें असलें तरी या खुणेला केवळ विक्रेत्याची दूती ठरवणें अन्यायाचें होईल, आणि याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. घरबांधणीवर देखरेख करणाऱ्या महारेरा या प्राधिकरणानें १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातींत आपण दिलेला क्यूआर कोड छापण्याची सक्ति केली. न छापल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. तो चौकोन बांधकाम करणाराच्या पानावर न नेतां प्राधिकरणाच्या दप्तरांतील नोंदीवर नेतो: प्रकल्प कोणाचा, नोंदणी केव्हांची, काम पुरें करण्याची तारीख कोणती, आराखड्यांत काय बदल झाले, तक्रारी किती. जाहिरात विक्रेत्याची, कागद विक्रेत्याचा, शाईचा खर्चहि त्याचाच. आणि त्याच जाहिरातीच्या कोपऱ्यांतून त्याच्याविषयींची साक्ष निघते. मात्र पुष्कळ जाहिरातींत त्याच्या शेजारीं विक्रेत्याचा स्वतःचा चौकोनहि असतो, आणि दोन्ही सारखेच दिसतात.

गेल्या पावसाळ्यांत माझे एक स्नेही उपनगरांत घर पाहात होते. रविवारच्या अंकांतील एका जाहिरातीवर त्यांनीं मोबाईल धरला. बाग, पोहण्याचा तलाव आणि हंसणारीं मुलें दिसलीं, आणि दुपारपर्यंत विक्री कचेरीचे तीन दूरध्वनि येऊन गेले. सायंकाळीं त्यांच्या पत्नीनें शेजारचा लहान चौकोन वाचला. जाहिरातींत घराचा ताबा 'लवकरच' मिळणार होता. या पानावर काम पुरें होण्याची तारीख दोनदां पुढें ढकललेली होती. बाईंनीं ती तारीख पेन्सिलीनें जाहिरातीच्याच समासांत लिहिली, आणि चौथा दूरध्वनि आला तेव्हां अंक यजमानांच्या पुढें सरकवला.